परकीय पाहुण्याची होळी : ब्रॉटनच्या एका वर्णनाची परीक्षा

मराठेशाहीच्या उत्तरकालाविषयीं लिहूं लागलेल्या अभ्यासकाच्या हातीं टॉमस ड्यूअर ब्रॉटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचें पत्रात्मक पुस्तक केव्हां ना केव्हां येतेंच. १८०९ सालीं हा गृहस्थ दौलतराव शिंदे यांच्या छावणींत इंग्रज रेसिडेंटाच्या संरक्षक पथकाचा मुख्य म्हणून राहत होता. छावणी त्या वर्षीं राजपुतान्यांत फिरत होती. तेथून त्यानें लिहिलेलीं पत्रें १८१३ सालीं लंडन येथें छापून निघालीं. त्यांत लढाईपेक्षां छावणीच अधिक आहे. पगार थकल्यामुळें धरणें धरून बसलेले शिपाई, बाजारहाट, तमासगीर, सर्जेराव घाटग्याचा वध, आणि वर्षाच्या फेऱ्यांत एकामागून एक येणारे सण. या सणांच्या वर्णनांत होळीचें वर्णन सर्वांत प्रसिद्ध पावलें. ‘मराठ्यांची होळी’ म्हणून तें इतक्या वेळां उतरून घेतलें गेलें आहे कीं, तें कोणत्या तंबूंत, कोणाच्या शेजारीं बसून आणि कोणत्या भाषेच्या आधारानें लिहिलें गेलें, ही विचारपूस करण्याची गरज आतां कोणास वाटत नाहीं. ती करावी, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

परकीयांनीं लिहिलेल्या आमच्या सणांच्या वर्णनांसंबंधीं आपल्यांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो कीं, तीं सारीं जेत्यांच्या तुच्छतेनें लिहिलेलीं, सबब टाकाऊ. दुसरा म्हणतो कीं, तीं प्रत्यक्षदर्शी माणसाचीं, सबब प्रमाण. दोन्ही पक्षांची एक गोष्ट समान आहे. ती ही कीं दोघेहि पुस्तक लक्षपूर्वक वाचीत नाहींत. एखादी पोथी हातीं आली म्हणजे आपण लेखक कोण, त्याच्यापुढें मूळ प्रत कोणती होती, समासांतला मजकूर मुळांत कोणीं घुसडला, हें पाहिल्यावांचून तिचा पाठ स्वीकारीत नाहीं. ब्रॉटनच्या पत्रांनाहि हाच न्याय लावावयास हवा. त्यांत त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें किती, कानांवर आलेलें किती, आणि मनानें जोडलेलें किती, हे तीन थर वेगळे केले म्हणजे पुस्तकाची किंमत कमी होत नाहीं. उलट वाढते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

प्रथम भाषेचा विचार. ब्रॉटन बंगाल सैन्यांतला. त्याच्या पथकांतील शिपाई हिंदुस्थानी, आणि त्याची जी एतद्देशीय भाषा ती हिंदुस्थानीच. १८१४ सालीं त्यानें हिंदूंच्या लोकप्रिय कवितेचें एक छोटें संकलन इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केलें. त्यांतील कवित्तें व दोहे त्यानें शिपायांच्या तोंडून मिळविले होते. शिपायांशीं बसून कविता ऐकणारा अधिकारी रुक्ष नव्हता, हें यावरून उघड आहे, आणि त्याच्या सहृदयतेविषयीं मला शंका नाहीं. परंतु ही सहृदयता व्रजभाषेच्या वाटेनें आलेली आहे. मराठी शिलेदार शेकोटीपाशीं काय म्हणत असतील, शिंद्यांच्या जनानखान्यांत होळीच्या दिवशीं नैवेद्याला पुरण शिजत होतें कीं नाहीं, होळीभोंवतीं बोंब ठोकणाऱ्या दक्षिणी माणसाच्या मनांत काय होतें, हें त्याच्या कानांपर्यंत पोंचण्याचा मार्गच नव्हता. जन्माष्टमीच्या प्रसंगीं त्यानें मथुरेकडील रासधारी ब्राह्मण मुलांच्या खेळाचें वर्णन मोठ्या आवडीनें केलें आहे. तेंहि व्रजाचेंच दान. गोविंदाचा काला, दहीहंडी, गोपाळांचे लाह्यापोहे यांचा गंध त्या वर्णनाला नाहीं. म्हणजे ज्याला आपण मराठ्यांच्या छावणींतील सण म्हणतों, त्याचा व्रजाकडे वळलेला दर्शनी भाग तेवढा ब्रॉटननें टिपला.

हा दोष केवळ पाहणाऱ्याचा नव्हे. महादजींच्या वेळेपासून शिंद्यांचा दरबार उत्तरेंत मुरलेला होता; यजमानच अर्धा हिंदुस्थानी झाला होता. तथापि अर्धा म्हणजे सगळा नव्हे. उरलेलें अर्धें कोठें शोधावयाचें, याचा विचार पुढें करूं.

आतां प्रत्यक्ष होळी. वर्णनाचा सारांश असा. रेसिडेंट मर्सर व त्याच्याबरोबरची इंग्रज मंडळी निमंत्रणावरून पांढऱ्या वेषांत महाराजांच्या तंबूंत गेली. प्रथम महाराजांनीं गुलाबदाणींतून थोडें रंगीत पाणी पाहुण्यांवर शिंपडलें. मग ज्यानें त्यानें अबीर उधळण्यास व पिचकाऱ्या मारण्यास आरंभ केला. सरकारांच्या अंगावर कोणीं रंग टाकूं नये असा दरबारचा रिवाज; परंतु त्या दिवशीं पाहुण्यांना उलट टाकण्याची मोकळीक देण्यांत आली. ती मोकळीक फारशी उपयोगी पडली नाहीं. महाराजांच्या तोंडापुढें सेवकांनीं कापड धरलें होतें, आणि थोड्याच वेळांत एका मोठ्या आगीच्या बंबाची नळी त्यांच्या हातीं आली. बंब पिवळ्या पाण्यानें भरलेला. पांचसहा माणसें तो दाबीत होतीं, आणि जो कोणी समोर येईल त्याला महाराज नेम धरून भिजवीत होते. नाचणाऱ्या स्त्रिया, सरदार, इंग्रज, कोणीहि सुटलें नाहीं.

यांतील निर्मळ प्रत्यक्ष भाग कोणता? गुलाबदाणी, कापड, नळी, पाण्याचा रंग, माणसांची संख्या. या गोष्टी कोणी सांगून लिहिलेल्या नव्हेत. गुलाबदाणीविषयीं त्याची एक नोंद विशेष मोलाची आहे. भेटीच्या प्रसंगीं गुलाबपाणी शिंपडण्यासाठीं असणारें हें नेहमींचेंच पात्र, असें तो सांगतो. आमच्या बखरकारानें हें कधींच लिहिलें नसतें. अत्तरगुलाब हा दरबाराचा रोजचा शिष्टाचार असल्यामुळें त्याची नोंद करणें त्याला पाण्याला ओलें म्हणण्यासारखें वाटलें असतें. परक्या डोळ्याचा उपयोग नेमका येथें आहे. होळीच्या धिंगाण्याचा आरंभ दरबारी भेटीच्या विधीनें होतो, पाहुण्याचा मान प्रथम राखला जातो, आणि मगच मर्यादा सुटते. हा क्रम ब्रॉटननें समजून लिहिला असें नाहीं, पण जसा पाहिला तसा लिहिला. त्यामुळें आज तो आपणांस वाचतां येतो.

रंगाच्या द्रव्यांविषयींहि त्यानें चौकशी केली. अबीर म्हणजे रक्तचंदनानें रंगविलेलें शिंगाड्याचें पीठ. गुलालांत चकाकी यावी म्हणून अभ्रकाची पूड. हा दुसरा थर, म्हणजे विचारून मिळविलेली माहिती. ती चांगल्या माणसाकडून मिळालेली दिसते, पण ती हिंदुस्थानी बाजाराची माहिती आहे. आमच्याकडे शिंगाड्याचें पीठ एकादशीच्या फराळाला लागतें. होळीचें केशरी पाणी ढाकाच्या, म्हणजे पळसाच्या, फुलांनीं रंगवितात असें तो सांगतो; बंबांतील पिवळें पाणी कशाचें होतें, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं. फाल्गुनांत पळस फुलतो, आणि पळसाच्या फुलांचें केशरी पिवळें पाणी उत्तरेंत काय किंवा आमच्या मराठवाड्यांत काय, होळीला सर्वांच्या ओळखीचें. तें पाणी पळसाचें कीं केशराचें, हें खर्चाच्या यादीनेंच ठरेल. आणि फरक लहान नाहीं, कारण पळस रानांत फुकट मिळतो व केशर तोळ्यावर विकत घ्यावें लागतें. दौलतरावाची तिजोरी त्या वर्षीं काय स्थितींत होती, हें धरणें धरणाऱ्या शिपायांवरून समजतेंच.

तिसरा थर मनानें जोडलेल्या गोष्टींचा, आणि येथें सर्वांत अधिक सावध राहिलें पाहिजे. एकीकडे उपाशी शिपाई, दुसरीकडे बंबानें रंग खेळणारा धनी. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं कीं नीतिपाठ आपोआप तयार होतो. १८९२ सालीं या पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली, तिला प्रस्तावना लिहिली ती सर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनीं. हे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफचे चिरंजीव, आणि मद्रासचे माजी गव्हर्नर. बापानें मराठी राज्याचा इतिहास लिहावा आणि मुलानें त्या राज्याच्या उतरत्या छावणीचें चित्र पुन्हा बाजारांत आणावें, यांत दोष काढण्याजोगें कांहीं नाहीं. पण ज्या पिढीनें हें पुस्तक या आवृत्तींतून वाचलें, तिच्या हातीं तें पडलें तेव्हां साम्राज्य स्थिर झालेलें होतें, आणि १८०९ ची होळी ही तिला ‘असे होते म्हणून गेले’ या वाक्याचें उदाहरण वाटली. आपल्याकडील देशाभिमानी लेखकांनींहि तोच अर्थ उलट्या बाजूनें घेतला. फक्त धिक्काराच्या जागीं हळहळ आली.

मला त्या तंबूंत वेगळें कांहीं दिसतें. आसईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आमच्याच मराठवाड्याच्या भूमीवर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी अंजनगांवचा तह झाला. त्यानंतर साडेपांच वर्षांनीं, पराभूत सत्ताधीश जेत्यांच्या वकिलाला व त्याच्या अंगरक्षकाला आपल्या तंबूंत बोलावून, पांढऱ्या कपड्यांवर पिवळ्या पाण्याची धार सोडतो, आणि त्यांना हंसत हंसत सोसावी लागते. उलट टाकण्याची परवानगी देऊन ती निरुपयोगी करण्याची सोयहि तो करून ठेवतो. दौलतराव आणि ब्रॉटन हे जवळजवळ समवयस्क, तिशीच्या आंतबाहेरचे. या प्रसंगांत केवळ उथळपणा पाहावा असें मला वाटत नाहीं. अर्थात् हेंहि मनानें जोडलेलेंच, आणि जो नियम ब्रॉटनला तोच मला. वाचकांनीं याची किंमत त्याच मापानें करावी.

राजाच्या होळीला आमच्या वाङ्मयांत जुनी परंपरा आहे. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेच्या पहिल्या अंकांत मदनमहोत्सव आहे. त्यांत सुगंधी चूर्ण उधळतात, आणि शृंगकांतून, म्हणजे पिचकाऱ्यांतून, पाणी उडतें. मात्र तेथें राजा वत्स प्रासादावरून नगरजनांची क्रीडा पाहतो. येथें राजा स्वतः नळी धरतो. प्रभाकर शाहिरानें सवाई माधवरावांच्या रंगावर पोवाडा केला, तो तर जुन्या पिढीच्या तोंडांत होता. ब्रॉटनचें वर्णन या मालिकेंत ठेवून वाचलें पाहिजे. ज्यानें ही मालिका पाहिली नाहीं, त्याला बंब म्हणजे दौलतरावाची लहर वाटेल. ज्यानें पाहिली आहे, त्याला पिचकारी वाढून बंब झाला एवढेंच दिसेल. तो बंबहि बहुधा परदेशी बनावटीचाच असावा, आणि त्याचा असा उपयोग त्याच्या कारागिराच्या स्वप्नींहि आला नसेल.

तिथींचा एक मुद्दा. शके १७३० ची फाल्गुनी पौर्णिमा १८०९ च्या मार्चच्या अगदी आरंभीं, पहिल्या-दुसऱ्या तारखेस, येते. त्याच वर्षीं हिजरी १२२४ चा मोहरम १६ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन दहावा दिवस २५-२६ फेब्रुवारीस पडला. म्हणजे ताबूत आणि होळी यांच्यांत आठवड्याचेंहि अंतर नव्हतें. मोहरमांत महाराज हिरवा पोशाख करून ताबुतांच्या दर्शनाला जात, असें ब्रॉटन सांगतो, आणि हिंदु राजानें फकिरीचा वेष घ्यावा याचें त्याला नवल वाटतें. बीडच्या मनसूरशाह अवलियावर महादजींची किती श्रद्धा होती, हें आम्हां मराठवाड्यांतील लोकांना नवीन नाहीं. शिंद्यांच्या घराण्यानें ती पुढें चालविली. राजपुतान्यांतील छावणींत जी चाल विचित्र दिसते, तिचें मूळ गोदेच्या कांठच्या प्रदेशांत आहे. उत्तरेंत मिसळलेल्या शिंद्यांचें तें उरलेलें अर्धें म्हणतात तें असें अनपेक्षित ठिकाणीं सांपडतें. पाहुण्याच्या डोळ्यांसमोर तें होतें; तें ओळखण्यास लागणारा धागा मात्र बीडला होता.

पौर्णिमेसंबंधीं आणखी एक सूचना. आमच्या अमान्त गणनेनें होळीचा दुसरा दिवस फाल्गुन वद्य प्रतिपदा. उत्तरेच्या पूर्णिमान्त गणनेनें तोच चैत्र कृष्ण प्रतिपदा. दक्षिणेंतील रंगाचा मुख्य दिवस वद्य पंचमीचा, उत्तरेंतील प्रतिपदेचा. तेव्हां ज्यांच्या संग्रहीं ब्रॉटनचें पुस्तक आहे, त्यांनीं होळीच्या पत्राच्या माथ्यावरील तारीख पंचांगाशीं ताडून पाहावी. दरबारानें कोणत्या गणनेनें रंग खेळला, यावरून दरबार कोणत्या मुलखाचा झाला होता याचें एक लहानसें प्रमाण हातीं येईल. असे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण मीमांसकांना ते तसे वाटले नाहींत. जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत होलाकाधिकरण म्हणून एक अधिकरणच आहे. होलाका हा आचार प्राच्यांचा, आह्नीनैबुक दाक्षिणात्यांचा, उद्वृषभयज्ञ उदीच्यांचा. मग हे आचार त्या त्या देशालाच बांधलेले मानावे काय, असा तेथें पूर्वपक्ष आहे. सिद्धान्त असा कीं, धर्म म्हणून पाहतां ते देशानें मर्यादित होत नाहींत. म्हणजे शबरस्वामींच्या काळींहि होळी ‘कोणाची’ हा वाद होता. (उद्वृषभयज्ञ हा बैलांचा उत्सव आमच्या पोळ्याचा भाऊ शोभतो, पण तो विषय निराळा.) शास्त्रानें देशाची मर्यादा काढून टाकली, तरी इतिहासाच्या अभ्यासकाला ती पुन्हा घालावी लागते, कारण त्याला विधि नको, वस्तुस्थिति हवी असते.

वस्तुस्थिति किती गुंतागुंतीची असते, हें पाहण्यास दूर जावयास नको. आमचें गोरेगांव हिंगोली जिल्ह्याच्या वाशीमकडील अंगाला आहे. या भागांत बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. गांवची होळी पौर्णिमेस सायंकाळीं पेटते. तांड्याची होळी दुसरे दिवशीं पहाटे. गांवांत पुरणाचा नैवेद्य आणि बोंब. तांड्यांत लेंगी गीतें, स्त्रीपुरुषांचें फेर धरून नाचणें, आणि वर्षभरांत जन्मलेल्या मुलासाठीं ‘धुंड’ नांवाचा विधि. एखादा परदेशी पाहुणा गांवांत मुक्कामाला राहिला तर एक होळी पाहील, तांड्यांत राहिला तर दुसरी. आणि दोन्ही वेळां ‘हिंगोलीकडील होळी’ असेंच लिहील.

या ‘धुंडी’विषयीं थोडें थांबावेसें वाटतें. भविष्योत्तर पुराणांत होलिकेची जी कथा आहे, ती हेमाद्रीनें आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडांत घेतली आहे. हेमाद्रि हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे आपल्याच प्रांतांतील ग्रंथकार. त्या कथेंत रघुराजाच्या राज्यांत ढोंढा (ढुंढा असाहि पाठ आढळतो) नांवाची राक्षसी लहान मुलांना पीडा देते. उपाय असा सांगितला आहे कीं, लांकडें जमवून अग्नि पेटवावा, त्याला प्रदक्षिणा घालाव्या, हंसावें, गावें, आणि मनास येईल तें निःशंक बोलावें. त्या गलक्यानें ती पळते. होळींतील अर्वाच्य बोलण्यावर नाक मुरडणाऱ्या परकीय लेखकांनीं, आणि त्यांचें ऐकून लाजणाऱ्या आमच्या सुधारकांनीं, ही कथा वाचली असती तर तें बोलणें सणाचा भ्रष्टाकार नसून त्याचें अंग आहे हें त्यांना कळलें असतें. राजपुतान्यांत मुलाच्या पहिल्या होळीस ‘ढूंढ’ करण्याची चाल आहे. बंजारा समाजाची परंपरा आपलें मूळ राजपुतान्याकडे दाखविते, आणि त्यांच्या तांड्यांत ‘धुंड’ आहे. केवळ नामसाम्य हा पुरावा नव्हे, हें मी शाळेंत मुलांना व्युत्पत्ति शिकवितांना नेहमीं सांगत आलों. पण येथें नांव जुळतें, दिवस जुळतो, आणि लहान मुलाच्या रक्षणाचा हेतूहि जुळतो. यादवकालीन धर्मग्रंथांतील कथा, राजपुतान्यांतील घरगुती चाल आणि आमच्या शेजारच्या तांड्यांतील विधि हीं तिन्ही एका ओळींत येतात. ब्रॉटन त्या फाल्गुनांत राजपुतान्यांतच होता. परंतु तो राजाच्या तंबूंत होता. मुलाच्या पाळण्यापाशीं नव्हता.

पाहुण्याला कोठें बसविलें यावर त्याला काय दिसेल हें ठरतें, याचें उलट बाजूचें उदाहरण फॅनी पार्क्स या इंग्रज बाईचें. दौलतरावाची पत्नी बायजाबाई १८३३ सालीं ग्वाल्हेरीहून निघाली, आणि १८३५ सालीं फत्तेगडास तिचा मुक्काम असतां ही बाई तिच्या भेटीस गेली. ब्रॉटनला जो पडदा बाहेरून दिसला, त्याच्या आंत तिला प्रवेश मिळाला. मराठमोळ्या पद्धतीनें ती घोड्यावर बसली. विधवेच्या जिण्याविषयीं बायजाबाईशीं तिचें बोलणें झालें, आणि विलायतेंतील विवाहित स्त्रीचीहि स्थिति कायद्याच्या दृष्टीनें फारशी बरी नाहीं असें तिनें मोकळेपणानें कबूल केलें. तिचें पुस्तक १८५० सालीं निघालें. त्यांत चित्रविचित्राची हौस फार आहे, आणि अनेक ठिकाणीं ती हौसच लेखणी चालविते. तरी शिंद्यांच्या घरांतील स्त्रियांविषयीं ब्रॉटनच्या साऱ्या पत्रांहून तिचीं कांहीं पानें अधिक सांगतात. दोन्ही पुस्तकें एकत्र बांधून ठेवण्यासारखीं आहेत.

पुढल्या काळांत परकीय पाहुण्याची जातच पालटली. फ्रेंच पंडित गी दलरी यांचा विठोबाच्या संप्रदायावरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६० सालीं प्रसिद्ध केला. त्यांत पालखीची व दिंड्यांची रचना जशी आली आहे, तशी ती तंबूंत खुर्ची टाकून बसणाऱ्याला कधींच दिसली नसती. जर्मन पंडित ग्युंटर सोन्थायमर (मृत्यु १९९२) हे मराठी शिकून धनगरांच्या वाड्यांवर व खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या जत्रांना वर्षानुवर्षें जात राहिले. त्यांचा या देवतांवरील जर्मन ग्रंथ १९७६ चा. ॲन फेल्डहाउस यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९८९ सालीं निघालें. सोन्थायमरांनीं धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. वन आणि क्षेत्र या जोडीचा त्यांनीं जो सिद्धान्त मांडला, तो कांहीं ठिकाणीं मला ताणलेला वाटतो. सगळ्याच देवळांना एक पाय रानांत ठेवावयास लावणें बरें नव्हे. पण सिद्धान्त बाजूला ठेवला तरी ओव्या राहतात. ब्रॉटनच्या पुस्तकांत हाच भाग नाहीं. तेथें यजमान दिसतो, भिजवितो, हंसतो. पण त्याचें एकहि वाक्य त्याच्या भाषेंत ऐकूं येत नाहीं.

तें वाक्य आतां कोठून मिळणार? माझें उत्तर संग्राहकांना फारसें रुचणार नाहीं. तें जमाखर्चांत आहे. मोडी रुमालांची निवड करतांना आपण शिक्क्यांचीं पत्रें, तह, वकिलांच्या बातम्या आधीं उचलतों, आणि ‘कोठीचा खर्च’, ‘पोशाखाची यादी’, ‘देवकार्याची बाब’ असे कागद शेवटीं राहतात. या जिल्ह्यांतील एका जुन्या घरीं मीं स्वतः पाहिलें : सनदा कांचेच्या चौकटींत होत्या, आणि कोठीच्या याद्यांचे ताव माळ्यावर धान्याच्या कणगीखालीं अंथरलेले. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांतून काढलेले उतारे, सरदेसायांनीं संपादलेले ‘पेशवे दफ्तरा’चे ४५ भाग, आणि आनंदराव भाऊ फाळके यांची ‘शिंदेशाही इतिहासाचीं साधनें’ यांमुळें मार्ग झाला आहे. पण या संपादकांनाहि निवड करावीच लागली, आणि निवडींत राजकारणाला मान मिळाला. रंग किती मण, गुलाल कोणत्या पेठेचा, कलावंतिणींना काय दिलें, पाहुण्यांना विडे किती, बंब ओढणाऱ्या माणसांना इनाम काय, हें सांगणारा कारकून स्वतःची मतें सांगत नाहीं, हाच त्याचा गुण. ब्रॉटनचें वर्णन त्या यादीवांचून अर्धें, आणि ती यादी त्या वर्णनावांचून मुकी.

तेव्हां विनंति अशी कीं, शिंद्यांच्या लष्करांतील शके १७३० च्या माघ व फाल्गुन या महिन्यांचे खर्चाचे कागद, मग ते कितीहि फाटके असोत, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची देवनागरी नक्कल मूळ पानांच्या मापांसह त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावी. पळसफूल, केशर, शिंगाडा, अभ्रक, रक्तचंदन या बाबी व त्यांच्यापुढील आंकडे जसेचे तसे द्यावे. मोडींतील संक्षेप सोडवून लिहूं नयेत, मूळ अक्षरेंच ठेवावीं. ‘बंब’ हा शब्द, किंवा पाणी ओढणाऱ्या माणसांच्या नांवें कांहीं रक्कम, आढळल्यास त्या पानाचें छायाचित्रहि पाठवावें.

गोरेगांव, जि. हिंगोली.